सामुद्रधुनी कोऱ्या नकाशात का चुकते, आणि ती पक्की कशी करायची?

प्रश्न बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून आलाय. थोडक्यात असा: प्राथमिक शाळा मराठी, हायस्कूल कन्नड, आणि आता स्पर्धा परीक्षेसाठी हिंदीतले व्हिडिओ. सामुद्रधुन्यांची चाळीस नावांची यादी तीनदा पाठ झाली. ‘कोणत्या दोन देशांच्या मध्ये’ असं विचारलं तर उत्तर येतं. ‘कोणत्या दोन समुद्रांना जोडते’ म्हटलं की गडबड होते, आणि कोऱ्या नकाशात खूण करायची वेळ आली की पेन नुसतं फिरत राहतं. काय करावं?

यादी चौथ्यांदा पाठ करू नका. आधी शब्दांचा गुंता सोडवू, कारण तीन भाषांतून शिकणाऱ्याच्या बऱ्याच चुका तिथेच होतात.

मराठीतली सामुद्रधुनी म्हणजे दोन मोठ्या जलाशयांना जोडणारी आणि दोन भूभागांना वेगळं करणारी पाण्याची अरुंद पट्टी. कन्नडात तिला ‘जलसंधि’ म्हणतात. हिंदीत ‘जलसंधि’ आणि ‘जलडमरूमध्य’ असे दोन्ही शब्द चालतात. पण हिंदीतला नुसता ‘डमरूमध्य’ बरोबर उलटा आहे: दोन पाण्यांच्या मधली जमिनीची चिंचोळी पट्टी. मराठीत ती संयोगभूमी. पनामा आणि सुएझ या मुळात संयोगभूमी आहेत. त्या खणून 1869 मध्ये सुएझ कालवा आणि 1914 मध्ये पनामा कालवा वाहतुकीला खुला झाला. म्हणून हे दोन्ही सामुद्रधुन्यांच्या यादीत घालायचे नाहीत. जोड्या लावायच्या प्रश्नात ते मुद्दाम मिसळलेले असतात.

दुसरा घोटाळा खाडीचा. हिंदीत ‘बंगाल की खाड़ी’ आणि ‘फ़ारस की खाड़ी’, दोन्हीला एकच शब्द. कन्नडातही दोन्हीला ‘कोल्ली’च. मराठीत मात्र बंगालचा उपसागर आणि इराणचं आखात असे दोन वेगळे शब्द आहेत, आणि मराठी ‘खाडी’ ही ठाण्याच्या खाडीसारखी, जमिनीत शिरलेली भरती-ओहोटीची जागा. त्यातून ‘इंग्लिश खाडी’ हे आपल्याकडे रूढ झालेलं नाव आणखी गोंधळ घालतं. ती खाडी नाही, रुंद सामुद्रधुनीच आहे, आणि डोव्हरची सामुद्रधुनी हा तिचा सर्वात अरुंद, पूर्वेकडचा भाग. वहीच्या पहिल्या पानावर एवढे पाच शब्द तिन्ही भाषांत समोरासमोर लिहून ठेवा: सामुद्रधुनी, संयोगभूमी, आखात, उपसागर, खाडी. पुढचं सगळं मराठीतच करा. तयारी अर्धी हिंदीत आणि अर्धी कन्नडात झाली की ऐन परीक्षेत ‘कोल्ली’चं आखात करायचं की उपसागर, यातच वेळ जातो.

आता मूळ चूक. यादीत लिहिलेलं असतं: ‘होर्मुझ: इराण–ओमान’. हे अर्धंच झालं. सामुद्रधुनीला चार बाजू असतात, दोन जमिनीच्या आणि दोन पाण्याच्या. गावातला बोळ डोळ्यांसमोर आणा. बोळ दोन रस्ते जोडतो आणि घरांच्या दोन रांगा वेगळ्या करतो. घरं म्हणजे जमीन, रस्ते म्हणजे समुद्र. बोळातून चालताना घरं डाव्या-उजव्या हाताला असतात, रस्ते पुढे-मागे. सामुद्रधुनीतही जहाजावर उभं राहिलं की जमीन डावी-उजवीकडे आणि पाणी पुढे-मागे. म्हणून पाणी पूर्व-पश्चिम जात असेल तर जमिनी उत्तर-दक्षिण असणार, आणि उलट. एवढं कळलं की चारपैकी दोन बाजू माहीत असताना उरलेल्या दोन कुठे शोधायच्या ते नकाशा स्वतः सांगतो.

वहीत प्रत्येक सामुद्रधुनीसाठी एक फुली काढा, अधिकच्या चिन्हासारखी. पाण्याची रेघ निळी, जमिनीची तपकिरी, चारही टोकांना नाव. निळी रेघ नकाशात ज्या दिशेने जाते त्याच दिशेने वहीत ओढायची. ती नेहमी आडवीच काढायची सवय लागली की फुलीचा काही उपयोग राहत नाही.

होर्मुझ घेऊन बघू. निळ्या रेघेच्या पश्चिम टोकाला इराणचं आखात, पूर्व टोकाला ओमानचं आखात. अरबी समुद्र त्याच्या पुढे आहे. ‘इराणचं आखात आणि अरबी समुद्र’ असा पर्याय प्रश्नपत्रिकेत दिसतो आणि घाईत तोच निवडला जातो. शेजारी ‘ओमानचे आखात’ हा पर्याय असेल तर उत्तर ओमानचं आखातच. तपकिरी रेघेच्या उत्तर टोकाला इराण, दक्षिण टोकाला ओमान. पण इथे अडखळायला होतं, कारण नकाशात ओमान तर खाली, अरबी समुद्राच्या काठाला दिसतो. वरचं ते टोक म्हणजे मुसंदम द्वीपकल्प. ते ओमानचंच आहे, पण उरलेल्या ओमानपासून तुटलेलं, मध्ये संयुक्त अरब अमिराती. सौदी अरेबियाचा किनारा होर्मुझला लागत नाही. मुसंदमचं टोक उत्तरेला घुसलेलं असल्यामुळे पाण्याची वाट उलट्या ‘व्ही’सारखी वळते, म्हणून फुलीतली निळी रेघही वाकडीच काढा. वाकडी काढली की ती सहसा विसरत नाही.

रुंदी सर्वात अरुंद जागी 35 किलोमीटरच्या आसपास. पण मोठी जहाजं ही सगळी रुंदी वापरत नाहीत. जाण्याची एक पट्टी, येण्याची एक, प्रत्येकी 2 सागरी मैल, आणि मध्ये तेवढीच मोकळी पट्टी. सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर, म्हणजे एका दिशेची वाट पावणेचार किलोमीटरसुद्धा नाही. 2024 मध्ये या वाटेने दिवसाला सरासरी 2 कोटी पिंपांच्या आसपास तेल जात होतं, जगाच्या खपाच्या सुमारे पाचवा हिस्सा. चालू घडामोडींत होर्मुझ सारखं का येतं त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

आता कोऱ्या नकाशाकडे. झेरॉक्सच्या दुकानात मिळणारा ए-फोर आकाराचा जगाचा नकाशा सामुद्रधुन्यांसाठी कुचकामी आहे, आणि कारण साधं गणिताचं आहे. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर सुमारे 40,000 किलोमीटर, कागदावर त्याला मिळतात 28 सेंटिमीटर. म्हणजे 1 सेंटिमीटरला जवळजवळ 1,430 किलोमीटर. त्यावर होर्मुझची रुंदी पाव मिलिमीटर भरते. बॉलपेनची रेघच अर्धा मिलिमीटर जाड. तुमच्या पेनाची एक टिंब इराण आणि ओमान दोन्ही गिळून टाकते, मग खूण बरोबर की चूक हे तपासणाऱ्यालाही कळत नाही आणि तुम्हालाही.

त्याऐवजी ए-फोरवर सहा तुकडे घ्या. पहिला, लाल समुद्रापासून इराणच्या आखातापर्यंत. हा साधारण 3,000 किलोमीटर रुंद भाग 28 सेंटिमीटरवर पसरला की होर्मुझ 3 मिलिमीटरांहून जास्त दिसते, पेन आत घालता येतं. दुसरा, सुमात्रापासून न्यू गिनीपर्यंत. तिसरा, भूमध्य आणि काळा समुद्र. चौथा, भारत, श्रीलंका, लक्षद्वीप, अंदमान-निकोबार. पाचवा, कोरिया-जपानपासून वर बेरिंगपर्यंत. सहावा, उत्तर अटलांटिक: ग्रीनलंड, आइसलंड, कॅनडा, ब्रिटन. यात न बसणाऱ्या उरतात थोड्याच, मॅगेलन, बास, कुक अशा, त्या शेवटी. नकाशा छापील घेण्यापेक्षा अ‍ॅटलासवर ट्रेसिंग पेपर ठेवून एकदा स्वतः गिरवा. किनारा हाताने गिरवताना मुसंदमचं टोक किंवा येमेनचा कोपरा जसा लक्षात राहतो तसा तो नुसता पाहून राहत नाही.

खूण करायला एक आधाररेषा लागते, आणि ती घरचीच घ्या. बेळगाव शहर साधारण 15.9 अंश उत्तरेला आणि 74.5 अंश पूर्वेला आहे. तिथून नकाशावर सरळ पश्चिमेला पट्टी ठेवा. अरबी समुद्र ओलांडून ती येमेनमध्ये शिरते आणि पलीकडे लाल समुद्रात उतरते. बाब-एल-मांदेब या रेघेच्या सुमारे 3 अंश खाली, 12.5 अंशांवर. होर्मुझ रेघेच्या साडेदहा अंश वर, 26.5 अंशांवर, आणि बाब-एल-मांदेबपेक्षा 13 अंश पूर्वेला, म्हणजे आपल्याला जवळ. या दोघींची अदलाबदल ही सर्वात नेहमीची चूक. पट्टी ठेवायची सवय लागली की ती बंद होते.

बाब-एल-मांदेब म्हणजे अरबीत ‘अश्रूंचं दार’. एकीकडे आशियातला येमेन, दुसरीकडे आफ्रिकेतला जिबूती, आणि त्याच्या उत्तरेला लागून एरिट्रिया. सोमालिया या जोडीत लिहायचा नाही; त्याचा किनारा पुढे एडनच्या आखाताला लागतो. पाणी: लाल समुद्र आणि एडनचं आखात. रुंदी बेळगाव ते खानापूरच्या रस्त्याएवढी, पंचवीस-तीस किलोमीटर, आणि मधल्या पेरिम बेटामुळे तिचेही दोन भाग होतात. 2023 च्या अखेरीस इथे जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर अनेक कंपन्यांनी जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून पाठवली. सुएझ कालवा उघडा असून उपयोग होत नाही, कारण कालव्याचं दक्षिणेकडचं फाटक हीच सामुद्रधुनी आहे.

पाल्कची सामुद्रधुनी समजायला खानापूर तालुक्यासारखी दुसरी जागा नाही. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, पूर्वेला जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागरात जातं. म्हादई त्याच तालुक्यात देगावजवळ उगम पावते, गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्राला मिळते. एकाच तालुक्यात पडलेला पाऊस दोन समुद्रांत जातो. या दोन समुद्रांमधली सर्वात जवळची वाट म्हणजे भारत आणि श्रीलंकेच्या मधलं पाणी. तिथे एका रांगेत तीन नावं आहेत, आणि यादी पाठ करणाऱ्याचा पाय इथे घसरतो. ईशान्येला बंगालचा उपसागर, मग पाल्कची सामुद्रधुनी, मग पाल्कचा उपसागर, मग रामसेतूची उथळ रांग, आणि तिच्या नैर्ऋत्येला मन्नारचं आखात. काटेकोर बोलायचं तर पाल्कची सामुद्रधुनी बंगालचा उपसागर आणि पाल्कचा उपसागर यांना जोडते. पण बऱ्याच पुस्तकांत ‘बंगालचा उपसागर आणि मन्नारचं आखात’ असं छापलेलं असतं. पर्यायांत पाल्कचा उपसागर असेल तर तो निवडा, नसेल तर मन्नार. दोन्ही एकत्र आलेले प्रश्न क्वचित.

रामसेतूपाशी काही ठिकाणी पाणी जेमतेम एक-दोन मीटर असतं. म्हणून मुंबईहून चेन्नईला जाणारं मोठं जहाज इथून जात नाही, श्रीलंकेला वळसा घालतं. नकाशात निळं दिसलं म्हणजे जहाज जाईल असं नसतं. रॉबर्ट पाल्क हा अठराव्या शतकातला मद्रासचा गव्हर्नर, त्याचं हे नाव.

मलाक्का हीही खोलीचीच गोष्ट. मलाय द्वीपकल्प आणि सुमात्रा यांच्यामधून अंदमानचा समुद्र दक्षिण चीनच्या समुद्राला जोडणारी, सुमारे 800 किलोमीटर लांब. आकार नरसाळ्यासारखा: वायव्येला रुंद, आग्नेयेला चिंचोळा. सिंगापूरजवळ फिलिप्स चॅनेलमध्ये रुंदी 2.8 किलोमीटरवर येते. तिथे मोठ्या जहाजांच्या तळाखाली किमान साडेतीन मीटर पाणी राहिलंच पाहिजे असा नियम आहे. त्यापेक्षा खोल बुडणारी जहाजं बालीच्या पूर्वेची लोंबोक आणि बोर्निओच्या पूर्वेची मकासर या सामुद्रधुन्यांच्या वाटेने जातात. जवळची सुंदा का नाही? जावा आणि सुमात्राच्या मधली ही सामुद्रधुनी पूर्वेच्या तोंडाशी सुमारे 20 मीटर इतकी उथळ आहे, प्रवाहही जोरकस. 1883 मध्ये फुटलेला क्राकाटोआ ज्वालामुखी याच सुंदात.

इथे 120 हा आकडा लक्षात ठेवा. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन काळात, वीस हजार वर्षांपूर्वीच्या सुमाराला, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. जी सामुद्रधुनी त्यापेक्षा उथळ, ती तेव्हा कोरडी जमीन होती. बेरिंग 30 ते 50 मीटर, ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीमधली टोरेस बहुतांश 7 ते 15 मीटर, बास 60 मीटरांच्या आसपास: तिन्ही ठिकाणी लोक आणि प्राणी चालत पलीकडे गेले. आशियातून अमेरिकेत माणूस गेला तो या बेरिंगच्या जमिनीवरून. सुमात्रा, जावा, बाली हे आशियाला जोडलेले होते, म्हणून बालीपर्यंत वाघ पोचला. लोंबोक सामुद्रधुनी वीस ते चाळीस किलोमीटर रुंद, पण खोली 250 मीटर. ती कधी सुकली नाही. 1856 मध्ये निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस बालीहून लोंबोकला गेला आणि एवढ्याशा पाण्यापलीकडे त्याला पक्षी वेगळे दिसले. लोंबोकला काकाकुवा होता, ऑस्ट्रेलियाकडचा. आशियातले आणि ऑस्ट्रेलियाकडचे प्राणी वेगळे करणारी वॉलेस रेषा लोंबोक आणि मकासर या दोन सामुद्रधुन्यांतून जाते ती यामुळे. फुलीच्या मधोमध खोलीचा आकडा लिहायची सवय लावा. एका आकड्यात जहाजांची वाट, प्राण्यांची वाट आणि माणसांची वाट असे तीन प्रश्न सुटतात. मुलं रुंदी पाठ करतात, खोलीकडे कुणी बघत नाही.

तुर्कस्तानची जोडी साखळीसारखी शिका, तुकड्यांत नाही: काळा समुद्र, बॉस्फोरस, मार्माराचा समुद्र, दार्दानेल्स, एजियन समुद्र. ‘बॉस्फोरस काळा समुद्र आणि भूमध्य समुद्र यांना जोडतो’ हे चूक, मध्ये तीन पायऱ्या राहिल्या. बॉस्फोरस सुमारे 31 किलोमीटर लांब आणि सर्वात अरुंद जागी 700 मीटर. दार्दानेल्स 61 किलोमीटर लांब आणि सव्वा किलोमीटरच्या आसपास. दोन्हीच्या एका काठाला युरोप, दुसऱ्या काठाला आशिया, आणि दोन्ही काठ तुर्कस्तानचेच. म्हणून ‘कोणत्या दोन देशांना वेगळे करते’ हा प्रश्न इथे लागूच होत नाही. इथल्या वाहतुकीचे नियम 1936 च्या माँत्रो करारातले.

‘धुनी’ म्हणजे संस्कृतात नदी. सामुद्रधुनी, म्हणजे समुद्रातली नदी. शब्द ज्याने केला त्याने नेमका केला, कारण यातलं पाणी खरंच वाहतं, आणि कित्येकदा एकाच वेळी दोन दिशांना. काळ्या समुद्राला मोठ्या नद्या मिळतात, वरच्या पाण्यात लिटरला फक्त 18 ग्रॅमच्या आसपास क्षार. भूमध्य समुद्रात बाष्पीभवन जास्त, तिथे 38. मग बॉस्फोरसमध्ये वरून हलकं पाणी दक्षिणेला वाहतं आणि तळातून जड खारं पाणी उत्तरेला. जिब्राल्टरला वरून अटलांटिकचं पाणी भूमध्यात शिरतं, तळातून भूमध्याचं खारं पाणी बाहेर पडतं. होर्मुझलाही तसंच: वरून आत, खालून बाहेर. लुइजी मार्सिल्ली या इटालियनाने 1679-80 मध्ये बॉस्फोरसमध्ये वजन बांधलेली दोरी सोडली. तिला ठरावीक अंतरावर पांढरे रंगवलेले बुचाचे तुकडे होते. वरचे तुकडे एका बाजूला ओढले गेले, खालचे दुसऱ्या. मग त्याने पेटीत पडदा घालून हे करूनही दाखवलं.

तुमच्यापैकी कुणी शिक्षक असेल तर हा प्रयोग वर्गात होतो, पण एका ठिकाणी हमखास फसतो, म्हणून मापं देतो. सुमारे 30 सेंटिमीटर लांब, 14 रुंद आणि 15 उंच असा पारदर्शक प्लास्टिकचा डबा. मधोमध जाड प्लास्टिकचा पडदा, कडा मुलांच्या खेळायच्या क्लेने बंद. पडद्याला 1 सेंटिमीटर व्यासाची दोन भोकं: एक तळापासून 2 सेंटिमीटरवर, दुसरं 10 सेंटिमीटरवर. दोन्हींवर कोरडं असतानाच चिकटपट्टी लावा आणि तिचं टोक पाण्याच्या वर राहील इतकं लांब ठेवा. ओल्या प्लास्टिकवर ती चिकटत नाही. एका बाजूला साधं पाणी, दुसऱ्या बाजूला खारं, दोन्ही 12 सेंटिमीटर उंचीपर्यंत, साधारण अडीच-अडीच लिटर. दोन मगांनी दोन्हीकडे एकाच वेळी ओता, नाहीतर पडदा वाकून क्ले सुटते. खाऱ्या पाण्यात निळी शाई. मग दोन्ही पट्ट्या झटक्यात वर ओढा. खालच्या भोकातून निळं पाणी साध्याच्या तळाला पसरताना दिसतं. वरच्या भोकाजवळ साध्या बाजूला लाल रंगाचा थेंब सोडलात तर तो खाऱ्या बाजूला ओढला जातो.

फसतं ते पातळीत. समुद्रासारखं लिटरला 35 ग्रॅम मीठ घातलं तर घनतेतला फरक जेमतेम अडीच टक्के. 10 सेंटिमीटर पाण्यावर तो अडीच मिलिमीटर पातळीच्या बरोबरीचा. साधं पाणी त्याहून उंच झालं की दोन्ही भोकांतून तेच पलीकडे जातं. खारं उंच झालं तर दोन्हीतून निळं येतं, आणि पातळी सावरेपर्यंत तसंच चालतं. तोवर मुलं म्हणतात, प्रयोग चुकला. म्हणून लिटरला 100 ग्रॅम मीठ घ्या, अडीच लिटरला पाव किलो. सवलत पाच-सहा मिलिमीटरपर्यंत वाढते. मीठ बारीक घ्या. खडे मीठ लवकर विरघळत नाही आणि पाणी गढूळ करतं. नळाचं पाणी दोन्हीकडे एकाच बादलीतलं हवं, गरम-गार असेल तर वेगळाच प्रवाह सुरू होतो. डबा दहा मिनिटं हलवू नका. मिठाचं प्रमाण वाढवलंय हे मुलांना आधी सांगा.

भारताच्या जवळच्या वाटा अंशांवर बसवलेल्या आहेत, त्यामुळे सोप्या. मिनिकॉय बेट 8 अंश 17 मिनिटांवर. म्हणून 9 अंश वाहिनी त्याच्या उत्तरेला, मिनिकॉय आणि उरलेलं लक्षद्वीप यांच्यात. 8 अंश वाहिनी दक्षिणेला, मिनिकॉय आणि मालदीव यांच्यात. 10 अंश वाहिनी मात्र दुसऱ्याच समुद्रात, अंदमान आणि निकोबारच्या मध्ये, सुमारे 150 किलोमीटर रुंद. 8, 9, 10 अशा ओळीने आल्यामुळे तिन्ही लक्षद्वीपजवळ मानायची चूक होते. अंदमानकडे उत्तरेकडून खाली: म्यानमारची कोको बेटं आणि उत्तर अंदमान यांत कोको वाहिनी, दक्षिण अंदमान आणि लिटल अंदमान यांत डंकन पॅसेज, मग 10 अंश, आणि ग्रेट निकोबार ते सुमात्रा यांत ग्रेट चॅनेल.

नावावर जाऊ नका अशा काही: डेन्मार्कची सामुद्रधुनी डेन्मार्कजवळ नाही, ती ग्रीनलंड आणि आइसलंडच्या मध्ये. ग्रीनलंडच्या दुसऱ्या बाजूला, कॅनडाच्या बॅफिन बेटाकडे, डेव्हिस. बेरिंगच्या दोन पाण्यांत एका टोकाला बेरिंगचाच समुद्र, दुसऱ्या टोकाला चुकची समुद्र. ‘पॅसिफिक आणि आर्क्टिक’ असं महासागरांत विचारलं तरी बरोबर. रुंदी 85 किलोमीटर, बेळगाव ते निपाणीपेक्षा जरा जास्त. मधल्या दोन डायोमीड बेटांत चार किलोमीटरही अंतर नाही, पण आंतरराष्ट्रीय वाररेषा त्यांच्या मधून जाते, म्हणून एकावर सोमवार असताना दुसऱ्यावर बहुधा रविवार. मॅगेलन दक्षिण अमेरिकेची मुख्य भूमी आणि तिएरा देल फ्यूगो यांच्यात. ड्रेक पॅसेज त्याच्या खाली, अंटार्क्टिकाकडे, आणि 800 किलोमीटर रुंद. बास ऑस्ट्रेलिया–टास्मानिया, कुक न्यूझीलंडच्या दोन बेटांत. सोया आणि ला पेरूज ही एकाच सामुद्रधुनीची दोन नावं, साखालिन आणि होक्काइदोच्या मध्ये.

कायद्याचा प्रश्न आला तर एवढं पुरे: 1982 च्या समुद्र कायद्याच्या कराराप्रमाणे देशाची सागरी हद्द 12 सागरी मैल. दोन्ही काठ मिळून 24, म्हणजे 44 किलोमीटर. त्यापेक्षा अरुंद सामुद्रधुनीत खुला समुद्र उरतच नाही, म्हणून तिथून जहाजं जाऊ देण्याचा वेगळा नियम त्या करारात आहे.

सराव रोज पाच फुल्यांचा. तिसऱ्या दिवशी आणि सातव्या दिवशी त्याच पाच कोऱ्या तुकड्यावर, वही बंद ठेवून. विचारणारा दुसरा असावा, धाकटा भाऊ किंवा बहीण चालेल, आणि त्याने प्रश्न पाण्यावरून सुरू करावा: ‘एडनच्या आखातातून लाल समुद्रात जायचं आहे, डाव्या हाताला कोणता देश?’ तोंड वायव्येला, म्हणजे डावीकडे आफ्रिका: जिबूती. परत येताना तोच प्रश्न विचारला तर उत्तर येमेन. दोन्ही वेळा न अडखळता उत्तर आलं की ती फुली झाली. अडखळलात तर पूर्ण फुली पुन्हा काढू नका. जे टोक चुकलं तेवढंच लाल पेनाने लिहा. महिन्याभराने लाल टोकं निळ्या रेघेवर जास्त दिसली तर पाण्याची नावं कच्ची आहेत असं समजा, आणि मग अ‍ॅटलास उघडून आधी नुसते समुद्रच वाचा.